रेडमाइन फुकट, परवानगी समितीची

गड्डा यात्रेचे फोटो टाकून मला जळवणाऱ्या सोलापूरकरांनो, जरा इकडचं, जर्मनीतलंही ऐका.

आमच्या सॉफ्टवेअर टीमला स्प्रिंटची, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या टप्प्याची, कामं नोंदवायला टूल हवं होतं. मी रेडमाइन सुचवलं. 2006 पासूनचं, ओपन सोर्स, लायसन्सचा खर्च नाही. होटगी रोडवरच्या माझ्या मित्राची छोटी कंपनी त्यावरच चालते. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा जुना डबा, पण बॅकअप रोज रात्री न चुकता. मी ते इथे बसवूनही टाकलं. मॅनेजर म्हणाला, "चालू करू नकोस, बेट्रीब्सराटला विचारलेलं नाही."

ही कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती. 1972 च्या जर्मन कायद्याच्या 87 व्या कलमानुसार, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारी तांत्रिक यंत्रणा आणायची तर या समितीची संमती लागते. मालकाचा तसा हेतू नसला तरी नजर ठेवता येणं पुरेसं आहे, असा कोर्टांनी अर्थ लावलाय. म्हणजे कामाचा साधा बोर्डसुद्धा त्यात आला!

समितीतल्या बाई एकेक स्क्रीन बघत होत्या. 'खर्च झालेला वेळ' हा रिपोर्ट मी व्यक्तीनुसार लावून दाखवला, आणि त्यांची पेन्सिल थांबली. "हे कोण बघणार?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मग ठेवलंय कशाला?"

राग आला. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात मागावर कुणी किती नग काढले ते लिहितात, त्यावरच मजुरी ठरते. मोजणं म्हणजे छळ नव्हे.

पण तोडगा मात्र टूलनेच दिला. टाइम ट्रॅकिंगचं मॉड्यूल प्रोजेक्टपुरतं बंद करता येतं, कुणाला काय दिसावं हे त्याला दिलेल्या रोलवर (भूमिकेवर) ठरतं, आणि खरंच बंद झालं का हे समितीच्या माणसाला रुबी या भाषेतला कोड उघडून तपासता आलं. बंदिस्त टूल असतं तर विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता. बर्नडाउनसाठी, म्हणजे किती काम उरलंय त्याच्या आलेखासाठी, प्लगइन घातलं, तेही अख्ख्या टीमचं, नावं नाहीत.

मित्राला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "काय बे, आमचा क्लायंट तासातासाचा हिशोब मागतो. बंद केलं तर बिल कशाचं लावू?" खोटं काय त्यात? फुकटच्या सॉफ्टवेअरवर तो दहा घरं चालवतोय, त्याला कलम 87 परवडणार नाही.

आता समितीचा नवा मेल आलाय: बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणं) मोडला की जेन्किन्स, म्हणजे ते बिल्ड आपोआप चालवणारं टूल, कुणाच्या कमिटनंतर (कोडमधल्या बदलानंतर) मोडला ते नावानिशी दाखवतं, त्याचं काय?