शेवग्यावरचे सुरवंट आणि आमचा टिप्या

काल रात्री जेवणं झाल्यावर बाहेरच्या ट्यूबलाईटला एक मोठा पिवळसर तपकिरी पतंग येऊन सारखा आपटत होता, आणि आईंनी (माझ्या सासूबाई) आतूनच हाक मारली, "अगं आला बघ तो, उद्या शेवग्याकडं बघायला पायजे." शेवग्यावर जे केसाळ सुरवंट येतात, त्यांचाच हा पतंग. म्हटलं आता लिहूनच टाकू, कारण मागच्या जुलैत जे झालं ते आमच्या गल्लीतल्या चारपाच घरांना सांगून झालंय, पण अंगणात शेवगा असलेले आणि घरात कुत्रं-मांजर, लहान पोरं असलेले अजून किती लोक असतील.

तर आमचा शेवगा परसात, धुण्याच्या दगडाला लागूनच. मागच्या वर्षी चारपाच दिवस पाऊस लागून राहिला होता, मग एके दिवशी सकाळी उघडीप मिळाली म्हणून मी घाईघाईने कपडे वाळत घातले, दोरीचं एक टोक शेवग्यालाच बांधलेलं. खोडावर गुडघ्याच्या उंचीला काहीतरी तपकिरी दिसलं, कुणी जुन्या घोंगडीचा तुकडा ओला करून चिकटवल्यासारखं. शेवाळ असेल म्हणून मी लक्षच दिलं नाही. अर्ध्या तासाने टिप्या (आमचा कुत्रा, गावठीच आहे, तीन वर्षांचा) असा केकाटला की मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. तोंडातून फेसासारखी लाळ, पुढच्या दोन्ही पायांनी तोंड ओरबाडतोय, मध्येच नाक चिखलात घासतोय. आणि ती घोंगडी हलत होती. जवळून बघितलं तर शे-दीडशे सुरवंट एकमेकांना चिकटून बसलेले, अंगभर केस, आणि टिप्याने नाक लावल्यामुळे त्यातले काही खाली पडलेले.

मी काय केलं तर त्याला उघड्या हातांनी कवटाळलं आणि पंच्याने त्याचं तोंड खसाखसा पुसलं. म्हणजे जे करायचं नाही तेच केलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते पहिलंच वाक्य बोलले, "पुसणं बंद करा, केस आत रुततायत." मग त्यांनी फोनवर सांगितलं तसं मिस्टरांनी रबरी मोजे घालून त्याचं तोंड खाली धरलं आणि मी पाण्याचा पाइप बारीक सोडून जबड्याच्या बाजूने पाणी आतबाहेर जाऊ दिलं, म्हणजे पाणी पोटात न जाता खाली पडेल असं, चांगली दहा मिनिटं. तोवर ओठ एका बाजूने सुजून लोंबायला लागलेला. दवाखान्यात नेल्यावर इंजेक्शन दिलं, जीभ नीट तपासली आणि सांगितलं की जिभेवर काळपट-जांभळा डाग दिसला, खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी थांबू नका. घरच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत हेही बजावलं, विशेषतः मांजराला आपली तापाची पॅरासिटामॉल दिली तर ते जिवानिशी जातं. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि ऐकून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे मांजरीही येतात दोन. टिप्या दोन दिवस नुसत्या पातळ दहीभातावर होता, तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माझी मावसबहीण स्पेनमध्ये असते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली की तिकडे पाइनच्या झाडांवरून हिवाळा संपता संपता सुरवंट एकामागे एक रांग करून खाली उतरतात आणि कुत्र्याने ते चाटले तर कधीकधी जिभेचा तुकडाच सडून गळून पडतो, म्हणून त्या दिवसांत लोक कुत्र्यांना पाइनखाली फिरवतच नाहीत. म्हणजे आमच्यावर थोडक्यात निभावलं.

पण खरा धडा संध्याकाळी मिळाला. मनू, माझी लेक, शाळेतून आली, दोरीवरचा टीशर्ट घातला आणि पाच मिनिटांत मानेवर, पाठीवर टरारून गांध्या उठल्या. तिने सुरवंटाला हात लावला नव्हता, झाडाजवळ गेलीही नव्हती. आपण म्हणतो "सुरवंट चावला", पण तो चावत नाहीच, जे काय आहे ते केसांत आहे. ते केस बारीक, टोकदार, सहज सुटणारे, वाऱ्याने उडतात, कपड्यात अडकतात, सुरवंटाने टाकलेल्या कातीत राहतात, कोषात राहतात, मेलेल्या सुरवंटाच्या अंगावर राहतात. म्हणून चप्पल घेऊन ठेचणं किंवा खराट्याने फटाफट झाडणं म्हणजे केस सगळ्या अंगणभर करून ठेवणं.

आमच्या डॉक्टरांनी मनूला बघून सांगितलं की खाजवू देऊ नका, आधी सेलोटेप लावा. रुंद पारदर्शक टेप हलक्या हाताने चिकटवायची आणि ओढून काढायची, प्रत्येक वेळी नवा तुकडा. मी तो तुकडा ट्यूबलाईटसमोर धरून बघितला, त्यावर सोनेरी कुसं उभी-आडवी चिकटलेली, पापणीच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि एकदोन तर टेपच्या आरपार गेल्यासारखी दिसत होती. हे पोरीच्या मानेत होतं. मग साबणाच्या पाण्याने धुतलं, पुसताना घासायचं नाही, टिपायचं, वरून फडक्यात बर्फ गुंडाळून लावला आणि कॅलामाइन. ऍलर्जीची गोळी डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिली. दोरीवरचे सगळे कपडे परत गरम पाण्यातून काढले. आमच्या आजीकडे गावी घोंगडीनेच पुसून काढायचे, लोकरीत केस अडकतात म्हणून, त्यात तथ्य असेलही, पण घोंगडी घासली जाते आणि ती परत पांघरायलाही घेतात, त्यामुळे मी टेपच वापरीन.

डोळ्याचं मात्र वेगळं आहे आणि हे कळकळीने सांगते. केस डोळ्यात गेला तर चोळायचं नाही म्हणजे नाही, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण हे केस बुबुळात रुतून हळूहळू आत सरकू शकतात. तोंड-घसा सुजला, दम लागला, चक्कर आली तर टेप-बिप काही करत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

आता झाडाचं काय केलं. मामंजी म्हणाले काठीला चिंध्या बांधून पेटवून द्या, पूर्वी असंच करायचे. पण वारा होता, शेजारी बाळंतीण होती, आणि जळताना केस उडतात ते कुठे जातील सांगता येत नाही म्हणून मी अडून बसले. हे सुरवंट रात्री वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर असे गोळा होऊन बसतात, म्हणजे आपल्याला दिवसाच सगळे एका जागी सापडतात. मिस्टरांनी रेनकोट, मोजे, मास्क आणि हेल्मेट घातलं, भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी पंपाने त्या घोळक्यावर चिंब होईपर्यंत मारलं, ओले झाल्यावर केस उडत नाहीत. मग लांब दांड्याच्या उलथन्याने खरवडून खाली ठेवलेल्या साबणाच्या पाण्याच्या घमेल्यात पाडले आणि खोल खड्ड्यात पुरले. अशी तीन दिवस लागोपाठ सकाळी. झाडाभोवती चार दिवस टिप्याला सोडलं नाही आणि कपड्यांची दोरी कायमची पुढच्या अंगणात गेली. यंदा उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती चांगली खणून उलथी केली, कारण हे कोष मातीत करतात, ते वर आले की साळुंक्या आणि उन्हाचं काम. पतंग दिसायला लागले की पानांच्या मागे अंड्यांचे पुंजके शोधायचे आणि ती फांदीच छाटायची, हा सगळ्यात सोपा उपाय आहे.

हे लिहितेय म्हणून सगळ्याच अळ्यांना घाबरू नका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये घोणस अळीचं काय झालं आठवतंय ना, उसात आणि बांधावरच्या गवतात सापडली, काही शेतकऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि मग व्हॉट्सऍपवर "सापापेक्षा विषारी, पाच मिनिटांत मृत्यू" असले फोटो फिरले, लोक शेतात जायला धजेनात. शेवटी कीटकशास्त्राच्या लोकांना सांगत फिरावं लागलं की बाबांनो ही जुनीच अळी आहे, काटे टोचले की भयंकर आग होते, पण सापाशी तिची तुलना नको. तिच्या जातीतल्या अळ्या आंब्यावर, नारळावर, एरंडावरही असतात, हिरव्यागार, काटेरी, पाय न दिसता गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या. त्यांच्यावरही तेच, टेप, धुणं, बर्फ, आणि ज्याला ऍलर्जी आहे त्याने डॉक्टर.

आणि लिंबाच्या, कढीपत्त्याच्या झाडावर जी गुळगुळीत हिरवी अळी असते, लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि डिवचली तर डोक्यातून लालसर शिंगं काढून वास सोडते, ती काही करत नाही, तिची फुलपाखरं होतात. राणी पाकोळी म्हणजे आपलं ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तिची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. मनूला आम्ही एकच शिकवलंय, केस किंवा काटे असलेलं काहीही दिसलं तर हात मागे आणि मोठ्यांना हाक.

आज सकाळी चहाच्या आधीच शेवगा बघून आले. खोड स्वच्छ आहे, पण दोन फांद्यांवर पानांमागे अंड्यांचे पुंजके सापडले, मिस्टर आत्ता आकडी घेऊन त्याच छाटतायत आणि टिप्या पुढच्या दाराला बांधलाय, तो तिकडून भुंकतोय.