मामाचा मोर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोंड्याला काय, म्हापशाला काय, वाचक भेटले की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुमच्या कादंबरीत भरतकाम बाप्या का करतो?"

कादंबरी सतराव्या शतकातल्या गोव्याची. त्यातला कारागीर दीवहून जहाजाने आलेला मोची. माणूस माझ्या मनातला, धंदा मात्र खरा. चामड्यावर आरी चालवणारे गुजरातचे मोची तीच आरी घेऊन कापडाकडे वळले. कापड ताणून बसवायचं, दोरा खालच्या हातात धरायचा, वरून आरी खुपसून तिच्या आकड्याने दोऱ्याचा फास वर ओढायचा, पुढचा फास त्याच्यातून काढायचा. साखळी टाका सरसर पडत जातो. असलं काम मुघल दरबारात गेलं, युरोपातही गेलं. आणि आपल्याकडे? जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या संग्रहालयात पाद्रींची जरीने भरलेली वस्त्रं बघा. अंगावर मिरवणारे पुरुषच ना?

ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र सोशिक नायिका खिडकीशी बसून शेला भरते, आणि बंडखोर नायिका सुई भिरकावून घोड्यावर बसते. दोघींना टाका घालता येतो की नाही, याची लेखकाला फिकीर नसते. (माझ्या पहिल्या कथेत मीही एकीला सुई फेकायला लावली होती.)

माझी खोड मोडली ती मामाच्या आठवणीने. मला बघायला मंडळी आली तेव्हा टिपॉयवर मोर भरलेला रुमाल होता. आई म्हणाली, "आमच्या बायनं भरलाय." मामा म्हापशाला शिंपी. दुकान बंद केल्यावर रात्री बसून पिसाऱ्याचा एकेक डोळा त्याने भरला होता, आत निळा, कडेने हिरवा. होणाऱ्या सासूबाईंनी रुमाल उलटा करून पाहिला. मागे एक गाठ दिसेल तर शपथ.

"हात चांगला आहे हो मुलीचा!"

मामा समोरच बसला होता. बशीत चहा ओतून तो फुंकर मारत राहिला.

पुढे दिराच्या मुंजीला सासूबाईंनी ताटावरचा रुमाल भरायला माझ्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी म्हापसा गाठलं.