आउटपुट कुठे पडतं

माझ्या लॅपटॉपवर 'कामं' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. तिच्यात दुधाचा हिशोब नाही, शेलच्या, म्हणजे टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कमांड आहेत. कुठे किती जागा उरली, कुठला लॉग कसा बघायचा, असं सगळं. फाइल विम या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची, हव्या त्या ओळीवर कर्सर ठेवायचा आणि टाइप करायचं: कोलन, टिंब, डब्ल्यू, स्पेस, उद्गारचिन्ह, एसएच. म्हणजे ही ओळ उचल आणि शेलच्या हातात दे.

त्या स्पेसला जपावं लागतं. एकदा रात्री घाईत ती उद्गारचिन्हाच्या अलीकडे पडायची ती पलीकडे पडली. कमांड चाललीच नाही. दुसऱ्या दिवशी फोल्डरमध्ये 'एसएच' नावाची फाइल सापडली, आत माझीच एक ओळ. उद्गारचिन्ह डब्ल्यूला चिकटलं की विम समजतो, काही न विचारता या नावाने लिहून टाक. त्या नावाची जुनी फाइल असती तर तीही गेली असती.

उत्तर चार ओळींचं असेल तर काही प्रश्न नाही. पण मोठ्या फोल्डरवर फाइली शोधणारं 'फाइंड' सोडलं की ओळी सरसर वर पळतात आणि शेवटी विम म्हणतो, एंटर दाबा. दाबलं की माझी फाइल परत समोर. जे बघायला गेलो ते मात्र गुल.

टेलिटाइपवाल्यांना ही कटकट नव्हती. 'मॉडेल 33' हे टेलिटाइप यंत्र सेकंदाला 10 अक्षरं कागदावर खडखडत उमटवायचं. मागचं बघायचं तर कागद ओढायचा. मग पडदे आले. व्हीटी100 या टर्मिनलच्या पडद्यावर ओळी 24, पंचविसावी आली की पहिली गेली. 1978 मध्ये बर्कले विद्यापीठात डॅनियल हॅलबर्टने 'मोअर' हा प्रोग्रॅम लिहिला, तो पडदा भरला की थांबायचा. पण जायचा पुढेच. मागेही फिरता यावं म्हणून काही वर्षांनी मार्क नुडेलमनने 'लेस' लिहिला. प्रोग्रॅमरांच्या कोट्या अशाच असतात, पण ही जमली आहे.

लेस मीही वापरतो. पण त्यात नुसतं वाचता येतं, खोडता येत नाही. म्हणून लांबलचक आउटपुट असेल तर मी विममध्येच कोलन न्यू करून रिकामी खिडकी उघडतो आणि कोलन, आर, स्पेस, उद्गारचिन्ह देऊन पुढे कमांड लिहितो. सगळं आउटपुट त्या खिडकीत येऊन पडतं. आता ते नुसता मजकूर. मग तांदूळ निवडायला बसावं तसं बसायचं. कोलन, जी, तिरक्या रेघांमध्ये 'कॅशे', शेवटी डी. तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी एका फटक्यात बाहेर. मग 'टेंप'. मग 'बॅकअप'. जरा जास्तच गेलं तर यू दाबायचं, खडे परत सुपात. हजारो ओळींच्या दहा-बारा उरतात, आणि त्यांतच हवी ती फाइल असते.

खिडकी बंद करताना विम कुरकुरतो, सेव्ह केलं नाही म्हणून. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. इथे मात्र मध्ये स्पेस नको.