‘गाडी थेट तंबूपर्यंत जाते’: गुहागरकडच्या क्लब कॅम्पचा वृत्तांत

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं मग. खाडीकाठच्या कॅम्पवर आमच्यासारख्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या क्लबचा ताफा न्यायचा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे दोन-तीन दिवस जाऊ नका. कॅम्पवाला फोनवर जे बोलतो त्याची किंमत शून्य धरा. आणि शेवटचे दोन किलोमीटर कुणीतरी बाइकवर जाऊन, गाड्या ज्या वेळी तिथं पोचणार त्याच वेळच्या पाण्यात पाहून आल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका. हे लिहितोय तेव्हा खांदे अजून भरून आलेत आणि फावडं धरून हाताला आलेले फोड फुटलेत, त्यामुळे सूर थोडा कडू लागेल. लागू दे.

जागा गुहागर तालुक्यात, जयगड खाडीच्या उत्तर काठाला. वाडीचं नाव देत नाही. वाडीतल्या माणसांनी आम्हाला पाणी दिलं, फावडी दिली, चहा पाजला; त्यांच्या दारात उद्या पन्नास गाड्या उभ्या राहायला नकोत. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. शुक्रवारी रात्री चिपळुणात मुक्काम. घाटात ट्रकच्या मागे रांगत जावं लागतं, याशिवाय या भागाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डिझेल-पेट्रोल चिपळूणलाच भरून घ्या.

आता तो बांध.

डांबरी रस्ता सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, वळणावळणाने खाली येतो, वाडीतून जातो आणि शाळेपाशी संपतो. पुढे खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या चिखलपट्टीतून, गेलेला खारबंदिस्तीचा (खारं पाणी अडवायचा) जुना बांध. रुंदी एका गाडीपुरती. उजवीकडे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, डावीकडे पडीक खारजमीन. मध्यावर बांधाला खांड पडलेली आहे आणि ती कुणीतरी चिरे, माती टाकून कशीबशी बुजवली आहे. कॅम्पवाल्याने फोनवर सांगितलेलं, “काय टेन्शन घेऊ नका, आमचा टेम्पो रोज जातो. गाडी थेट तंबूपर्यंत.” टेम्पो जातो हे खरंच आहे. तो ओहोटीला जातो, आणि पाणी चढलं की दिवसभर पलीकडेच उभा असतो. एवढं अर्धं वाक्य त्याने गिळलं. वर तारीख त्यानेच सुचवली: “पौर्णिमेला या, चांदण्यात मजा येते.” पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, असतं हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. जन्म गेलाय त्याचा खाडीवर.

आम्ही साडेनऊच्या सुमाराला बांधावर चढलो. पहिल्या चार गाड्या सुटल्या. पाचवी गाडी, थार, खांडीत उतरली आणि बसली. टायर रुतले एवढंच नाही, चेसिस टेकली. मागच्या गाड्यांना बांधावर वळायला जागा नाही, पुढच्यांना मागे येता येत नाही, आणि उजवीकडच्या तिवरांच्या मुळांतून पाणी बुडबुडत आत येतंय.

सह्याद्रीतल्या लाल चिखलावर शिकलेल्यांनी इथं नीट लक्ष द्या. लाल चिखलाखाली कुठंतरी मुरूम किंवा कातळ लागतो, टायर खाली गेला तरी काहीतरी पकडतो. खाजणाला तळच नाही. वरचा थर वाळून भेगाळलेला असतो, खेकड्यांची बिळं दिसतात, बुटाने ठोकून पाहिलं तर टणक लागतो. त्याखाली लोण्यासारखा काळा गाळ. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकून ॲक्सिलेटर दिला की टायर स्वतःची विहीर खणतो. हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवून वाळूत फरक पडतो, इथं नाही पडला. ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड द्यायच्या फळ्या, टाकले, ते टायरखाली गेले आणि अर्ध्या तासाने हाताने चाचपून काढावे लागले.

एकजण कायनेटिक रोप, म्हणजे हिसका देऊन गाडी ओढायचा ताणणारा दोर, घेऊन धावला. त्याला थांबवलं. चेसिस टेकलेल्या गाडीला धावत हिसका देणं म्हणजे टो-हुक उपटून समोरच्या काचेत घालणं. गाळाने गाडी ओढून धरलेली असते. आधी चारही चाकांच्या पुढचा-मागचा आणि चेसिसखालचा गाळ फावड्याने उकरून ती पकड सोडवायची, मग विंचने (गाडीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) हळूहळू ओढायची, दोरावर जाड गोणपाट किंवा ओलं ब्लँकेट टाकून, आणि दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. आमच्याकडे विंच होता, पण गाडी पुढे खेचायची तर पलीकडे अँकर पाहिजे. झाड म्हणावं तर फक्त तिवर. एका उत्साही मेंबरने पट्टा तिवराला गुंडाळायला घेतला तेव्हा बांधावरचा म्हातारा ओरडला, आणि बरोबरच ओरडला. कांदळवनाला संरक्षण आहे, राज्यात २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, नुसती फांदी मोडली तरी प्रकरण अंगाशी येऊ शकतं. शिवाय ते झाड गाळातच उभं असतं, दोन टनांच्या गाडीला ते काय धरणार? शेवटी पुढे गेलेल्या दोन गाड्या एकीला एक बांधून अँकर केल्या. तोवर पाणी थारच्या चाकांच्या हबपर्यंत, म्हणजे मध्यापर्यंत, आलं होतं.

आणि मग ट्रॅक्टरवाला. तो पहिल्यापासून शाळेपाशी उभा होता, केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून, साखळी सीटखाली. पहिला आकडा १,५०० रुपये. आम्ही म्हटलं बघतो. वीस मिनिटांनी ३,०००. पाणी हबला लागल्यावर ५,०००. “पाणी चढतंय साहेब, काय ते लवकर बोला.” भरती चढत गेली तसा भाव चढत गेला. ४,५०० ला तोडलं. तो अर्धा बांध पडीक शेतातून वळसा घालून आला, त्याला ती वाट पाठ होती, आणि आमच्या विंचच्या जोडीने पाच मिनिटांत थार बाहेर. संध्याकाळी दुकानात सहज विचारलं तर कळलं, वाडीतला कुणाचा टेम्पो रुतला की तो ५०० घेतो. आणि तो कॅम्पवाल्याचा चुलतभाऊ. यावर मी काही म्हणत नाही, ज्याचं त्याने समजून घ्यावं. सल्ला एवढाच की बांधावर चढण्याआधी ट्रॅक्टर कुणाचा आहे ते शोधा आणि दर कोरड्या जमिनीवर उभं राहून ठरवा. पाण्यात उभं राहून घासाघीस होत नाही.

मागच्या गाड्या दुपारी अडीचनंतर, पाणी उतरल्यावर पार झाल्या. तोपर्यंत जेवण पलीकडे आणि भुकेली माणसं अलीकडे. ताफा विभागला तर प्रत्येक तुकडीत पाणी, खाणं आणि एक वॉकीटॉकी हवा, हे इथं पक्कं झालं. मोबाइलला रेंज सड्यावर येते, खाली खाजणात नाही. परवाना न लागणारे ४४६ मेगाहर्ट्झचे हलके सेट पुरतात.

कॅम्पवर दुसरा अंक. माणशी १,२०० ठरलेले, दोन जेवणं आणि नाश्ता धरून. आल्यावर कळलं, स्वतःचा तंबू लावायचे ३०० वेगळे. गाडीचं पार्किंग १००. शेकोटीचं लाकूड ५००. पिण्याचं पाणी, म्हणजे वीस लिटरचा जार, १५०. विहीर आहे, पण पाणी मचूळ, चहासुद्धा खारट लागतो. आम्ही तंबूचे दिले नाहीत, पार्किंगचे दिले नाहीत, पाण्याचे मात्र द्यावे लागले. जाणाऱ्यांनी सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: माणशी किती, त्यात काय काय, गाडीचे वेगळे आहेत का, पाणी कुठलं, संडास किती. चाळीस माणसांना दोन संडास होते. जार स्वतःचे न्या, चिपळुणात भरा. जेवण चांगलं होतं, सुरमई ताजी होती, तेवढं त्याच्या पदरात टाकतो.

भरतीचं गणित तिथल्या त्या म्हाताऱ्याने बांधावर बसून सांगितलं. ते ॲपपेक्षा कामाचं आहे, कारण रेंज नसताना चालतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दुपारी एकदा, रात्री एकदा. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मुंबईचं टाइमटेबल बघून निघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते. या हिशेबाने आमच्यासारख्यांनी पौर्णिमेला सकाळी साडेसातच्या आत बांध ओलांडायला हवा, नाहीतर सरळ दुपारी तीननंतर. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. तारीख तेव्हाची धरा आणि चांदण्याचा मोह सोडा. डोक्यावर हेडलॅम्प असतोच.

रविवारी सकाळी सड्यावर गाड्या फिरवल्या. इथं तीन गोष्टींवर मी ताफ्याशी भांडलो आणि पुन्हा भांडेन. पहिली, सुकं गवत. जानेवारी-फेब्रुवारीत सडा कंबरभर वाळलेल्या गवताने भरलेला असतो. गाडीचा तापलेला सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या गवतावर उभा केला की वणवा पेटायला काडीही लागत नाही, आणि खालच्या उतारावर लोकांच्या आंबा-काजूच्या बागा मोहोरावर असतात. गाडी उभी करायची ती उघड्या कातळावरच, आणि दर थांब्याला वाकून खाली अडकलेलं गवत काढायचं. प्रत्येक गाडीत अग्निशामक. ज्याच्याकडे नसेल त्याने सड्यावर यायचं नाही.

दुसरी, चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी गवतात दिसत नाहीत आणि त्यांच्या कडा सरळ उभ्या कापलेल्या असतात. रात्रीचं ड्राइव्ह सड्यावर ठेवूच नका. दिवसाही पुढे एक माणूस पायी पाठवा.

तिसरी, कातळशिल्पं. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर माणसं, हत्ती, मासे, नक्षी असं बरंच काही जमिनीतच कोरलेलं आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही त्यातली माहीत झालेली गावं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बरीचशी उघड्यावर, कुंपणाशिवाय आहेत. जांभा मऊ असतो, त्यावर टायर घासला की खोदकामाची रेघ जाते आणि परत येत नाही. “रिकामा तर आहे सडा” असं म्हणणाऱ्याला घरी पाठवा. जमीनही रिकामी नसते, सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधी भेटा, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दिसला की तिथून मागे फिरा.

किनाऱ्यावर गाडी घालायची हौस आमच्यातल्या दोघांना होती. नाही घातली. ओहोटीच्या वेळी ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, डांबरासारखी कडक दिसते, मग मध्येच झरा लागतो आणि गाडी जाते. मग भरती येते. असे व्हिडिओ दर हंगामात पाहायला मिळतात, पुढे गुन्हाही दाखल होतो. त्यातही रत्नागिरीचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचा आहे, हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या कॅम्पिंगचाच. वाळूखालचं घरटं टायरखाली आलं तर कळणारही नाही. वाळूचा सराव करायचा तर राजस्थानात जा.

तंबूबद्दल थोडं. माडाखाली लावू नका, रात्री झावळ पडली तरी पुरे होतं. सुरूच्या बनात सावली छान, पण ते बहुतेक ठिकाणी वनखात्याचं असतं, परवानगी विचारा आणि शेकोटी अजिबात नको. नेहमीचे खुंटे वाळूत धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून त्या पुरा. पहाटे दवाने सगळं चिंब होतं, वरचं फ्लाय काढून चांदणं बघत झोपणाऱ्यांनी स्लीपिंग बॅग सुकवायला सोमवारची रजा टाकावी. शिमग्याच्या दिवसांत ताफा आणू नका. पालख्या रस्त्यावर असतात, जागोजागी पोस्त, म्हणजे सणाचे पैसे, मागितलं जातं, आणि तो त्यांचा सण आहे, आपण मध्ये कशाला?

वेळणेश्वर, हेदवीची बामणघळ शनिवारी संध्याकाळी काही जणांनी पाहिली. छान आहे म्हणाले. काही जण परतताना तवसाळहून जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, जयगडला उतरून गणपतीपुळ्याकडे गेले. जेटीवर अख्खा ताफा एका फेरीत मावत नाही, दोन-तीन गाड्यांचे गट करून जा.

रविवारी परतीला तोच बांध, पहाटे सहाला, पूर्ण ओहोटीत. सगळा ताफा एकाही अडथळ्याशिवाय वीस मिनिटांत पार. ट्रॅक्टर शाळेपाशी उभाच होता. आमच्यातल्या एकाने त्याला हात केला, त्यानेही केला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की पुढच्या महिन्यात परत येऊ असं मी सगळ्यांसमोर बोलून गेलो. ते मनावर घेऊ नका.

शेवटचं काम त्याच दिवशी करायचं, सोमवारवर ढकलायचं नाही. खाऱ्या पाण्यात गेलेली गाडी चिपळुणात वॉशिंग सेंटरला लिफ्टवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या: चेसिसच्या पोकळ्या, ब्रेक, स्प्रिंगची पानं, रेडिएटरच्या जाळ्या. घरी आल्यावर दोन्ही डिफरन्शियलचं आणि गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, लगेच बदला. आमच्या थारचं पुढच्या डिफरन्शियलचं निघालं दुधाळ. वॉशिंगवाल्याने काळा गाळ पाहून नेहमीच्या दुप्पट, ८०० रुपये सांगितले. त्याचे पोरगे दीड तास गाडीखाली होते. तिथं घासाघीस करू नका.