त्याची शेंगा चटणी

आज मित्राचं वर्षश्राद्ध. रडारड नको म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्या पद्धतीची शेंगा चटणी कुटली, आणि हसून हसून पोटं दुखली.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. घाई केली की वरून करपतात, आत कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर सालं काढून उखळात घ्यायचे. १५-१६ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, २-३ चमचे लाल तिखट, मीठ. तेल सुटेपर्यंत कुटायचं. पाण्याचा थेंब लागला तर चटणी टिकत नाही. मिक्सर सलग फिरवला तर लगदाच होतो, थांबत थांबत फिरवा.

त्याच्यासमोर मिक्सरचं नावही काढायची सोय नव्हती! एका लग्नात गोडसर चटणी वाढली, तर वाढप्याला गंभीरपणे म्हणाला, "हा प्रसाद कुठल्या देवाचा?" सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये मुंबईच्या पाहुण्यांसाठी घेतलेला डबा कुर्डुवाडीच्या आतच उघडायचा, अख्ख्या बोगीला चटणी आणि कडक भाकरी वाटायचा, आणि पाहुण्यांच्या हातात रिकामा डबा ठेवायचा, "वास तरी घ्या!"

तिखट जरा सढळ हातानं घाला, सोबत घट्ट दही घ्या. त्याला अशीच लागायची.