परभणी ते कोटला रोड : औषधांच्या तज्ज्ञ समितीच्या पहिल्या बैठकीचा वृत्तांत

या जानेवारीत मी परभणीहून दिल्लीला जाऊन आले. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या एका विषयतज्ज्ञ समितीवर बाहेरची तज्ज्ञ म्हणून मला बोलावणे आले होते आणि ही माझी पहिलीच बैठक होती. मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवते. माझ्या ओळखीत याआधी अशा समितीवर कोणी गेलेले नसल्यामुळे निघण्यापूर्वी विचारावे असे माणूस मला सापडले नाही. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावांतून पुढे ज्यांना जावे लागेल, आणि त्यांनी जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

आधी समिती कोणती, ते सांगते, कारण या बाबतीत आमच्याच विभागात बराच गोंधळ होता. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पाचव्या कलमाखाली औषध तांत्रिक सल्लागार मंडळ असते. त्याचे 18 सदस्य असून त्यांतले काही पदसिद्ध, काही सरकारने नेमलेले आणि काही निवडून आलेले असतात. नेमलेल्या व निवडलेल्या सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापकांमधून एक, वैद्यकाच्या अध्यापकांमधून एक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने निवडलेला एक औषधशास्त्रज्ञ अशी त्याची रचना कायद्यातच लिहिलेली आहे. मी गेले ते हे मंडळ नव्हे. नवे औषध, नवी लस, औषधांचे नवे संयोग आणि चिकित्सालयीन चाचण्या, म्हणजे औषधांच्या माणसांवरील चाचण्या, यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या विषयवार समित्या वेगळ्या असतात आणि त्यांत त्या त्या शाखेचे चिकित्सक व औषधशास्त्राचे अध्यापक बसतात. समिती फक्त शिफारस करते. परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार भारताच्या औषध महानियंत्रकांचा आहे. हा फरक पक्का लक्षात असला की बैठकीत आपण काय बोलायचे आणि काय नाही, हेही आपोआप स्पष्ट होते.

माझे नाव संस्थेमार्फत गेले. संस्थेकडे नावे मागवणारे पत्र आले, त्यासोबतचे माहितीपत्रक मी भरले, अध्यापनाचा अनुभव, संशोधनपर लेख, नीतिशास्त्र समितीवर केलेले काम आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदणी केंद्राची जबाबदारी हे सर्व त्यात लिहिले. ब्रिटनमध्ये मानवी औषधांच्या आयोगावरील रिक्त जागांसाठी जाहीर सूचना निघते आणि पात्र व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. आपल्याकडे नाव संस्थेतून जावे लागले, तर तो कागद वेळेत पुढे सरकणे फार महत्त्वाचे ठरते. एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात माझे पत्र अकरा दिवस पडून राहिले आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः नस्ती हातात घेऊन सह्या करून आणल्या. म्हणून पहिली सूचना अशी की, आपले माहितीपत्रक नेहमी अद्ययावत ठेवावे, पत्राचा आवक क्रमांक लिहून घ्यावा आणि ते नेमके कोणत्या टेबलावर आहे याची दर दोन दिवसांनी विचारपूस करावी. संकोच बाळगू नये. आपले नाव वेळेत गेले नाही तर त्या जागी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतले नेहमीचेच नाव जाईल.

प्रवासासाठी मी सचखंड एक्सप्रेस धरली. ती नांदेडहून सकाळी निघते, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाडवरून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचणे अपेक्षित असते. या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्थानकांवर लंगरचे जेवण मिळते. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंसाठी सुरू झालेली ही सेवा इतरांनाही तितक्याच प्रेमाने दिली जाते. आपला डबा मात्र सोबत असावा. जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुके दाट असते. आमची गाडी पाच तास उशिरा पोहोचली, पण बैठक त्याच्या दुसऱ्या दिवशी होती म्हणून निभावले. हिवाळ्यात बैठक असेल तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. रजेऐवजी कर्तव्यकाळ मंजूर झाल्याचा लेखी आदेश निघण्यापूर्वीच हातात घ्यावा. प्रवास भत्त्याच्या देयकासाठी तिकिटाची छापील प्रत, मेट्रो किंवा रिक्षाच्या खर्चाची नोंद आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र हे एका पाकिटात ठेवावे. उपस्थितीचे प्रमाणपत्र बैठक संपताच मागून घ्यावे, नंतर टपालाने मिळवणे कष्टाचे असते.

मुक्काम कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात मिळाला तर फार सोयीचा. तेथून मंडी हाउस मेट्रो स्थानक जवळ आहे आणि त्याच्या पुढचेच स्थानक आयटीओ. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे सदनही दूर नाही. दोन्हीकडे अगोदर अर्ज करावा लागतो. बैठकीचे पत्र जोडून महिनाभर आधी कळवले तर बरे. नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोने यायचे असल्यास पिवळ्या मार्गाने राजीव चौक, तेथून निळ्या मार्गाने मंडी हाउस आणि तेथून जांभळ्या मार्गाने आयटीओ असे यावे. संघटनेचे कार्यालय कोटला रोडवरच्या एफडीए भवनात, बाल भवनाजवळ आहे. रिक्षाचालकाला नुसते ‘कोटला’ सांगू नये, कारण दक्षिण दिल्लीत कोटला मुबारकपूर आहे आणि फिरोजशाह कोटल्याचे क्रिकेटचे मैदान वेगळे. ‘आयटीओजवळचे बाल भवन’ असे सांगावे. याच इमारतीत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचेही कार्यालय आहे, त्यामुळे प्रवेशद्वारावर आपण औषध नियंत्रणाच्या बैठकीसाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगून, ओळखपत्र आणि बैठकीचे पत्र दाखवून प्रवेशिका घ्यावी.

आता बैठकीविषयी. प्रस्तावांचे कागद मला चार दिवस आधी मिळाले आणि चार दिवस फार अपुरे वाटले. गाडीतले तीस तास मी त्यांच्याच वाचनात घालवले. पुढे जाणाऱ्यांनी कागदांची वाट न पाहता दोन गोष्टी आधीच वाचून ठेवाव्यात. पहिली म्हणजे 19 मार्च 2019 रोजी अधिसूचित झालेल्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांची दुसरी अनुसूची. कोणत्या प्रकारच्या औषधासाठी कोणती माहिती सादर झालीच पाहिजे हे त्यात आहे. दुसरी म्हणजे संघटनेच्या संकेतस्थळावर असलेली आपल्या विषयाच्या समितीची मागील कार्यवृत्ते. ती ठरावीक साच्याची असतात: कंपनीने सादरीकरण केले, समितीने सविस्तर चर्चा केली आणि पुढीलप्रमाणे शिफारस केली. पण सलग वीस-पंचवीस कार्यवृत्ते वाचली की समिती कोणत्या कारणासाठी प्रस्ताव परत पाठवते, कोठे रुग्णसंख्या वाढवायला सांगते, कोठे चाचणीकेंद्रे देशभर विखुरलेली असावीत असा आग्रह धरते, हे दिसू लागते. सादरीकरणाला कंपनी हजरच राहिली नाही, अशीही नोंद त्यांत सापडते.

बैठकीत कंपनीचे प्रतिनिधी येऊन सादरीकरण करतात, प्रश्नांची उत्तरे देतात आणि बाहेर जातात. त्यानंतर समिती आपसांत चर्चा करते. कोणते औषध, कोणती कंपनी हे मी लिहिणार नाही, कारण गोपनीयतेच्या हमीपत्रावर माझी सही आहे आणि ती मी गांभीर्याने केलेली आहे. एवढे सांगते की सादरीकरणाचा वेग फार असतो, आलेख सुबक असतात, आणि समोर बसलेले सदस्य आपल्याहून ज्येष्ठ असतात. पहिल्या दोन प्रस्तावांच्या वेळी मी गप्प राहिले. तिसऱ्या प्रस्तावात, चाचणीत मूत्रपिंडाचे कार्य कमी झालेले साठीपुढचे रुग्ण किती होते, असा साधा प्रश्न मी विचारला, कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके असेच रुग्ण, वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेतलेले, रोज येतात. उत्तर समाधानकारक नव्हते आणि तो मुद्दा शिफारशीत नोंदला गेला. आपण कोठून आलो आहोत हीच त्या टेबलावरची आपली खरी पात्रता असते, असे मला त्या क्षणी प्रकर्षाने जाणवले. राजधानीतल्या विशेषोपचार रुग्णालयात येणारा रुग्ण आणि परभणीत येणारा रुग्ण एक नाही, आणि औषध तर दोघांनाही दिले जाणार असते. ऑगस्ट 2024 च्या आदेशाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघ येथे मान्यता मिळालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याची वाट मोकळी झाली आहे. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना त्याचा लाभ आहे हे मी मानते, पण त्यामुळे आपल्या रुग्णांविषयी प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची जबाबदारी वाढली आहे.

हितसंबंधांच्या घोषणापत्राबद्दल, म्हणजे औषधकंपन्यांशी आपले कोणते संबंध आहेत हे सदस्याने लिहून देण्याच्या कागदाबद्दल, थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. 8 मे 2012 रोजी संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपला 59 वा अहवाल सादर केला. जानेवारी 2008 ते ऑक्टोबर 2010 या काळात 33 औषधांना भारतीय रुग्णांवरील चाचण्यांशिवाय मान्यता मिळाल्याचे त्यात नोंदले होते, आणि वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी औषधांविषयी दिलेली अभिप्रायपत्रे शब्दशः सारखी असल्याचे दाखवून, ती औषधकंपन्यांनीच लिहून दिली असावीत असा संशय व्यक्त केला होता. माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सह्या केल्या असाव्यात, हे वाचताना मला अतिशय लाज वाटली होती. त्यानंतर 2013 मध्ये प्रा. रणजित रॉय चौधरी यांच्या समितीने तज्ज्ञांची व्यापक सूची करून तिच्यातून सदस्य निवडावेत असे सुचवले. सूची व्यापक करायची तर तिच्यात आपली नावे हवीत, आणि नावे द्यायची तर आपले हात स्वच्छ हवेत.

घोषणापत्र भरताना मी मागील पाच वर्षांची दैनंदिनी समोर ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत मी व्याख्यान दिले होते आणि त्याचे मानधन एका औषधकंपनीने पुरस्कृत केलेल्या निधीतून आले होते. रक्कम लहान होती, ती लिहावी की नाही असा विचार क्षणभर मनात आला, पण मी लिहिली. त्या कंपनीचा प्रस्ताव कार्यसूचीत होता. त्याची पाळी येताच मी अध्यक्षांना सांगून बाहेर जाऊन बसले आणि तशी नोंद करून घेतली. कोणी भुवया उंचावल्या नाहीत. नव्या सदस्यांनी पती, पत्नी, मुले यांच्या नोकऱ्या, समभाग, संस्थेत चाललेल्या पुरस्कृत चाचण्या हे सर्व लिहावे. शंका असेल तेव्हा लिहावेच. परिषदेच्या प्रवासाचा किंवा निवासाचा खर्च कोणी केला हेही तपासून घ्यावे, कारण ते आपल्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते.

समितीच्या शिफारशीने काय होते, असे विभागातल्या एका निवासी डॉक्टरने मला विचारले, तेव्हा मी तिला सर्दीच्या औषधाचे उदाहरण दिले. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचा संयोग चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याची शिफारस तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औषध महानियंत्रकांनी तसे कळवले. 2025 च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने मुले दगावली. त्यांतली अनेक उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती. मृत्यूचे कारण सिरपमधले डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते, संयोग नव्हे. पण सिरप त्याच संयोगाचे होते आणि ते लहान मुलांना दिले गेले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले, त्याची न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली, आणि तरीही हे पुन्हा घडले. दिल्लीत लिहिलेला इशारा छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या दवाखान्यापर्यंत कसा पोहोचेल, हा प्रश्न समितीत विचारायला तालुक्याच्या गावाशी रोजचा संबंध असलेली माणसे हवीत. औषधांच्या संयोगांविषयीच्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाच्या उपसमितीचे अध्यक्षपद मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी सांभाळले आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 संयोगांवर बंदी आली. त्या कामाचा मला महाराष्ट्रातली औषधशास्त्राची अध्यापक म्हणून अभिमान वाटतो.

परतीची सचखंड दुपारी नवी दिल्लीहून सुटते. बैठक संध्याकाळपर्यंत चालते, त्यामुळे त्याच दिवसाचे आरक्षण करू नये. मी केले होते आणि ते रद्द करावे लागले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर, आठवण ताजी असतानाच, मी विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे यांची माझ्यापुरती टिपणे पूर्ण केली. कागदपत्रे मात्र सोबत आणली नाहीत, ती तेथेच परत केली. परभणीला उतरल्यावर सोमवारी पहिल्या तासाआधी विभागातल्या दोन्ही सहयोगी प्राध्यापकांना कोरी माहितीपत्रके दिली. एकाने ती त्याच दिवशी भरून परत केली. दुसरीची अजून यायची आहे. तिचे लहान मूल आहे आणि चार दिवस घर सोडणे तिला अवघड जाते. तिच्यासाठी बैठकीला दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची परवानगी मिळते का, हे विचारणारे पत्र मी अधिष्ठात्यांच्या सहीसाठी पाठवले आहे आणि त्याचा आवक क्रमांक लिहून ठेवला आहे.