कोर दिसली का?

बायबलच्या पहिल्या अध्यायात सूर्य-चंद्रांना नावच नाही. मोठी ज्योती आणि लहान ज्योती, बस्स. आजूबाजूच्या कनानी-बाबिली लोकांची ही दैवतं. इथे मात्र दोघांना कामाला जुंपलंय : दिवस, सणांचे नेमलेले काळ आणि वर्षं दाखवा.

त्यातही ज्यू पंचांगात भाव लहानीला, म्हणजे चंद्राला जास्त. महिन्याला हिब्रूत ‘होदेश’ म्हणतात, मूळ अर्थ ‘नवा’. सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर दिसली की महिना लागला. चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून खरा प्रश्न एकाच संध्याकाळचा : 29 दिवस संपले, आज दिसली का? दिसली नाही, ढग आले, तर महिना 30 दिवसांचा.

पण दिसली हे ठरवायचं कुणी? मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात याची रीत सांगितली आहे. साक्षीदार जेरुसलेमला येत. त्यांना मोठं जेवण मिळे, पुढच्या खेपेलाही त्यांनी यावं म्हणून (हे धोरण मला फार आवडतं). मग उलटतपासणी. कोर सूर्याच्या उत्तरेला होती की दक्षिणेला? किती जाड? कलली कुठे? ज्यू पंडितांचे प्रमुख रब्बान गमलिएल तर भिंतीवरची चंद्राची चित्रं दाखवून विचारायचे, अशी होती की अशी? कोरीची फुगीर बाजू कायम सूर्याकडे असते, त्यामुळे टोकं सूर्याकडे होती म्हणणारा तिथेच बाद. उंचीत मात्र थोडी सूट. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद म्हणतो, एकाने कोर दोन पराण्या (बैल हाकायच्या काठ्या) उंच सांगितली आणि दुसऱ्याने तीन, तर चालेल. तीन आणि पाच म्हणाले, तर साक्ष रद्द.

आता साक्षीदार गेले, गणित आलं. बारा चांद्रमासांचे 354 दिवस, म्हणजे वर्षाला 11 दिवसांची तूट. इजिप्तमधून सुटकेचा सण वल्हांडण वसंतातच यायला हवा, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा त्याच्या आधीचा अदार महिना जादा घालतात. आपल्या अधिक महिन्याचं प्रमाणही जवळपास तेच. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा ‘नव्याचा सण’, म्हणजे नववर्ष, तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी, आणि पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, मांडवांचा सण सुक्कोत. 2024 मध्ये 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो लागला, त्याच रात्री आपली कोजागरी. 2023 मध्ये मात्र सुक्कोत 29 सप्टेंबरच्या संध्याकाळी आणि कोजागरी थेट 28 ऑक्टोबरला. आपला अधिक श्रावण होऊन गेला होता, त्यांचा जादा अदार अजून यायचा होता.